पिणारे आणि गाणारे

मराठीत 'पिणे' हे क्रियापद सकर्मक आहे असे व्याकरण सांगते. व्यवहार तसे सांगत नाही. सोयरीक जुळवताना मुलीचा मामा कोणाला तरी बाजूला घेऊन विचारतो, "पोरगा पितो का?" काय पितो, हे त्याला सांगावे लागत नाही. पाणी, दूध, ताक, चहा यांची नावे घ्यावी लागतात. दारूचे नाव न घेताच तिचा उल्लेख होतो. ज्या पदार्थाचे नावही घ्यावे लागत नाही त्याच्याविषयी त्या भाषेत एक तर फार बोलले जात असले पाहिजे, नाही तर मुळीच बोलले जात नसले पाहिजे. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. पारावर फार बोलले जाते आणि साहित्यात फारसे नाही. साहित्यात जे बोलले जाते तेही बहुतेक एकाच सुरात.

हे सगळे मला सुचले ते पुण्याजवळच्या एका मैदानावर, हातात अर्धा भरलेला पेला असताना. वाटूरसारख्या गावातला, मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, चित्रकलेचा डिप्लोमा करून मास्तरकी पत्करलेला आणि दोन कादंबऱ्या लिहून बसलेला माणूस बिअरच्या जत्रेत काय करीत होता, असे वाचकांना वाटेल. मलाही दिवसभर तेच वाटत होते. मला नेणारा माझा एक जुना विद्यार्थी होता. तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरच्या एका कारखान्यात दर्जा तपासण्याच्या विभागात काम करतो. वय तीस. गेल्या दिवाळीत तो घरी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही एकदा येऊन तर बघा. नाही आवडलं तर माघारी आणून सोडतो फाट्यावर." मी नको म्हणालो. तो बसून राहिला. मग म्हणाला, "तुमच्या पुस्तकाबद्दल बोलायचं होतं. इथं नाही बोलता येणार."

या पुस्तकाविषयी पुढे सांगणारच आहे, कारण हा लेख खरे म्हणजे त्या पुस्तकावरची टीका आहे. पण आधी मैदान.

दारावर मुलांची वये तपासत होते. महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षे पुरी असावी लागतात, तीव्र मद्याला २५. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून पुसला गेलेला नाही. त्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि एका दिवसापुरताही तो मिळतो. मनगटाला कागदी पट्टी बांधली गेली तेव्हा मला सप्ताहाच्या पंगतीतला कुपनांचा पुडका आठवला. आत एका बाजूला रंगमंच होता. ध्वनिक्षेपकांच्या काळ्या पेट्या एकावर एक रचून दोन मजली भिंत केलेली. दुसऱ्या बाजूला ओळीने ठेले, आणि प्रत्येक ठेल्यावर खडूने लिहिलेला फळा. फळा पाहिला की मास्तराचे पाय आपोआप तिकडे वळतात. त्यावर पेयांची नावे, कडूपणाचे आकडे, मद्यार्काचे प्रमाण आणि किंमत असे सर्व काही उघड लिहिलेले होते. आमच्याकडे जत्रेत तमाशाचा फड लागतो तेव्हा दारू राहुटीच्या मागे अंधारात असते. इथे ती पुढे होती आणि तिच्यावर उजेड होता.

एल म्हणजे काय, हे विद्यार्थ्याने मला समजावून सांगितले. वीस वर्षांपूर्वी मी त्याला मुख्य रंग आणि दुय्यम रंग समजावून सांगितले होते, त्यापेक्षा पुष्कळच चांगले. सातू भिजवून त्याला मोड आणायचे, ते भट्टीत सुकवायचे, भरडून गरम पाण्यात ढवळायचे, तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचा, आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट उबेत काम करते आणि वर फेसाळून येते ती एल. थंडीत सावकाश काम करून तळाशी बसते ती लागर. मोठ्या कारखान्यांतून मुख्यतः लागरच निघते. एल ही छोट्या भट्ट्यांची हौस आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डुलाली' ही छोटी भट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून ही हौस आपल्याकडे वाढली. फळ्यावरच्या एका नावात तर आपल्या देशाचेच नाव होते, 'इंडिया पेल एल'. इंग्लंडातून इकडच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजाने बिअर येई; कित्येक महिन्यांच्या त्या प्रवासात ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालीत. नाव आपले, तहान त्यांची.

मी प्यालो का? प्यालो. एक पेला घेतला आणि त्यातला अर्धा प्यालो. चव कडू होती. आमच्या घरी कारल्याला मीठ लावून पिळतात, त्या पाण्याची आठवण झाली. रंगांनी मात्र मला खिळवून ठेवले. एक गव्हाच्या काडीचा, एक मधाचा, एक तांब्याच्या जुन्या घागरीचा, एक करवंदासारखा काळा आणि त्यावर भुऱ्या सायीसारखा फेस. विद्यार्थी प्रत्येक पेला उन्हाकडे धरून आधी बघे, मग हुंगे, आणि मग घोट घेण्यासाठी माझ्याकडे पाठ करी. तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला गृहस्थ! बिअर कशी करतात हे तो मला तासभर सांगू शकत होता, पण माझ्या तोंडावर ती पिऊ शकत नव्हता. मीही त्याला "वळ इकडे" असे म्हणालो नाही.

विलायतेत आणि जर्मनीत असे दिवस म्हणजे साध्या जत्रा आहेत. म्युनिकची प्रसिद्ध जत्रा १८१० सालच्या एका राजघराण्यातल्या लग्नाच्या समारंभातून निघाली. इंग्लंडात कारखानदारी बिअरच्या विरोधात जुन्या पद्धतीची एल वाचवण्यासाठी १९७१ मध्ये ग्राहकांची एक चळवळच उभी राहिली आणि तिचे मेळावे गावोगाव भरू लागले; कोपऱ्यात एखादा वाद्यवृंद वाजत असतो, लोक पीत असतात, संध्याकाळी घरी जातात. आपल्याकडे हे नवे आहे. पण नवे नेमके काय, हे मला चटकन सांगता येईना. गाणे नवे नव्हते, पिणे तर नव्हतेच. मग माझ्या लक्षात आले की या मैदानावर सुधाकर नव्हता.

'एकच प्याला' आपण सर्वांनी वाचलेले किंवा पाहिलेले आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले, आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहून लोक रडले, आणि मराठी मनात दारूची जी प्रतिमा ठसली ती शंभर वर्षे पुसली गेली नाही. त्याच्या आधी खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त शुक्राचार्य मद्याच्या पायी विद्या गमावून बसतातच. पण शुक्राचार्य पुराणातले. सुधाकर आपल्या गल्लीतला. सनद गेलेला हुशार वकील, तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला, दळण दळणारी बायको, काठीच्या फटक्याने मेलेले मूल, आणि शेवटी विष. या नाटकाने पुष्कळ घरे वाचवली असतील. त्याविषयी मला आदरच आहे.

तथापि वाचक म्हणून मला नेहमी एक गोष्ट खटकत आली आहे. नाटकातला सर्वांत जिवंत भाग कोणता? सिंधूचे दळण नव्हे, रामलालचा उपदेश तर नव्हेच. सर्वांत जिवंत भाग आहे आर्य मदिरा मंडळाचा. तळीराम आणि त्याचे सवंगडी जमतात, मद्याच्या समर्थनार्थ एकापेक्षा एक तर्कट लढवतात, आणि गडकऱ्यांच्या लेखणीला तिथे जे भरते येते ते दुसऱ्या कुठल्याच प्रवेशात येत नाही. त्यांची प्रतिभा मंडळात बसून राहते आणि त्यांची नीती दाराबाहेर छत्री घेऊन उभी असते. गडकऱ्यांना हे कळत असावे. म्हणूनच मंडळाच्या हास्याची किंमत ते पुढल्या अंकांत इतक्या निर्दयपणे वसूल करतात.

दुसरी गोष्ट. या नाटकातली लोकांच्या ओठांवर राहिलेली पदे कोणाची? सिंधूची. ती पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली आणि बालगंधर्वांनी ती घरोघर पोचवली. म्हणजे जी पीत नाही ती गाते, आणि जो पितो तो बोलतो, भांडतो, मारतो. तो गात असलेला आपल्याला आठवत नाही. रंगभूमीच्या सोयीतून ही वाटणी झाली असेल, पण ती पांढरपेशा मराठी साहित्याने जणू कायमची करून टाकली. पिणारा वेगळा, गाणारा वेगळा. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) आणि त्यानंतरच्या आत्मकथनांनी ती मोडली. तिथे पिणारा बाप उपदेशाचे उदाहरण म्हणून येत नाही, बाप म्हणून येतो. पण आम्ही कादंबरीकार मंडळी गडकऱ्यांच्याच ओसरीवर बसून राहिलो. 'आम्ही' हे मी उगाच म्हटलेले नाही.

माझी दुसरी कादंबरी २०१४ साली निघाली. वाटूरजवळच्या एका खेड्यातला, देशी दारूपायी मेलेला मजूर हा तिचा नायक. तो या विद्यार्थ्याचा बाप. पोरगा आठवीत असताना तो गेला. त्यानंतर वर्षभरात त्याच्या आईने गावातल्या बायका जमवल्या, सह्या घेतल्या, आणि गावात मतदान झाले. आमच्याकडे या मतदानाच्या कागदावर उमेदवाराऐवजी बाटलीचे चित्र असते. दुकान राहावे असे वाटणाऱ्याने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावे असे वाटणाऱ्याने आडव्या बाटलीवर. बाटली आडवी झाली. मी त्या दिवशी तिथे होतो. बायकांनी एकमेकींना कुंकू लावले. कादंबरीचा शेवट मला आयताच मिळाला. पुस्तकाचे कौतुकही झाले. एका परीक्षकांनी तर माझ्या नायकाला 'खेड्यातला सुधाकर' म्हटले, आणि मी ते कात्रण जपून ठेवले.

आता मैदानावरच्या गाण्याकडे वळतो.

दिवसभरात चार वाद्यवृंद झाले. पहिला इंग्रजी गात होता. तरुण, धीट, सफाईदार. पण दुसऱ्यांची गाणी. आपल्याकडच्या रॉकची सुरुवात अशीच झाली. मुंबईत धोबीतलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून दर वर्षी 'इंडिपेंडन्स रॉक' होत असे. खुले नाट्यगृह, पावसाळा, आणि हजारो कॉलेजची मुले. त्या पिढीतला 'रॉक मशीन' हा संच पुढे 'इंडस क्रीड' झाला. त्यांची भाषा इंग्रजी होती आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या मुलांना ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत त्यांनी ओरडावे. पण मैदानावरच्या या मुलांना इंग्रजीत राग येत नसावा. गाणे संपले की ती आपापसांत मराठीत भांडत होती, आणि ते भांडण गाण्यापेक्षा सुरेल होते.

दुसरा संच हिंदी गाणारा. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. चौथा संच फार मोठ्याने वाजवणारा होता. त्याचे शब्द मला कळले नाहीत आणि ते कळावेत अशी गायकाचीही इच्छा दिसली नाही. पण ढोल वाजवणारी मुलगी होती आणि तिच्या दोन्ही पायांना आणि दोन्ही हातांना चार वेगवेगळी कामे होती. आमच्या फडातला चांगला ढोलकीवाला तोडा घेऊन समेवर येतो तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो मला तिच्या वाजवण्यात तीनदा पडला. ऐकायला पेल्याची गरज नव्हती.

पिणाऱ्या श्रोत्यांपुढे गाणे ही एक स्वतंत्र कला आहे, आणि ती आमच्या तमाशाने कसून कमावलेली आहे. गण, गवळण, बतावणी, लावण्या, वग हा क्रम नुसता रिवाज नाही. गणाने आरडाओरडा निवतो, गवळणीत मावशी आली की पुढच्या रांगेतल्या झिंगलेल्या माणसाला ती थेट विचारते, "काय पाव्हणं, घरून सांगून आलात का?" सगळी राहुटी हसते आणि तो माणूस निमूट खाली बसतो. सोंगाड्या त्याला खेळात ओढतो म्हणून तो खेळ मोडीत नाही. मैदानावरचे गायक मात्र श्रोत्यांना एकगठ्ठा हाक मारीत होते. "पुणे, आवाज कुठे आहे?" असे चौघांनीही विचारले. पुणे ओरडले. पण त्या पाच-सहा हजारांत एकटा कोणी माणूस आहे, त्याला नाव-गाव आहे, हे चौघांपैकी एकालाही दिसले नाही. अर्थात दिवे त्यांच्या डोळ्यांवर होते, हेही खरे.

तिसऱ्या संचाने अभंग गायला.

यात आता नवलाई राहिलेली नाही. केरळचा 'थैक्कुडम ब्रिज' आपल्या मल्याळममध्ये गातो, बंगळूरचा 'स्वरात्मा' कन्नडात गातो, आणि मराठीत 'अभंग रिपोस्ट' या मुंबईच्या संचाने गिटारवर अभंग आणून हजारो पोरांच्या तोंडी बसवले आहेत. मैदानावरचा संच यांपैकी कोणताही नव्हता. नवी मुले होती. मागे गिटारीचा एकसुरी घोष, त्यात पखवाज मिसळलेला, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाने तुकोबांचे ध्रुपद उचलले. माझ्या आजूबाजूला हातांत पेले घेतलेली माणसे ते म्हणू लागली. माझ्या पुढे एक मुलगा होता, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. हातात पेला नव्हता, बटाट्याच्या चकत्यांची पुडी होती. तोही म्हणत होता.

मी वारकऱ्याच्या घरातला आहे. माझ्या आजोबांनी ज्या घरात दारू शिवते त्या घरचे पाणी घेतले नाही. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो भक्तीचा होता की संतापाचा, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. आपण टीकाकार म्हणून आलो आहोत असे स्वतःला बजावून मी उभा राहिलो. अभंगाने घर बदलले की आपल्याकडे नेहमीच कोणी तरी दुखावले गेले असणार. १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटातून तो तिकीट काढलेल्या लोकांपुढे अंधाऱ्या थिएटरात गायला गेला. भीमसेन जोशींनी तो संतवाणी म्हणून मैफलीच्या रंगमंचावर नेला. विष्णुपंत पागनिसांच्या तोंडून किंवा भीमसेनांच्या गळ्यातून आलेला अभंग खोटा होता असे आज कोण म्हणेल? तेव्हा जागेचा विटाळ मानून चालणार नाही. मानायचाच तर आमच्या वाटूर फाट्यावरच्या कितीतरी जागांचा मानावा लागेल.

पण मग मला दुसरेच काही ऐकू येऊ लागले. गायकाने ध्रुपद घोळवले. पहिला चरण घेतला, पुन्हा ध्रुपद. गिटारवाला पुढे आला, त्याने आपले कसब दाखवले, पुन्हा ध्रुपद. टाळ्या, पुन्हा ध्रुपद. लोक आता फक्त ध्रुपदच म्हणत होते, उड्या मारीत, पेला सांडू नये म्हणून एक हात वर धरून. मी वाट पाहत होतो. अभंगाला एक वाट असते. ध्रुपदात एक गोष्ट धरायची, एकेका चरणात तिला उलटीपालटी करून पाहायचे, आणि शेवटी "तुका म्हणे" असे म्हणून आपले नाव पणाला लावायचे. ते नाव म्हणजे सहीचा शिक्का नव्हे. आतापर्यंत जे बोललो त्याचा जामीन मीच, असे कवी तिथे सांगतो, आणि पुष्कळदा जे आधीच्या चरणांत म्हटले त्याला तिथे अवचित कलाटणी देतो. मी वाट पाहत राहिलो. तो चरण आलाच नाही. ध्रुपद शेवटचे तीनदा ओरडून झाले, झांजा आदळल्या, गाणे संपले. तुकोबा आले नाहीत.

माझा दोष बिअरला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. रेडिओवरही मी चार चरणांचे दोन केलेले ऐकले आहेत, आणि आमच्याच शाळेतल्या प्रार्थनेत घंटा होते म्हणून शेवटचा चरण गाळतात. पण गर्दीला ध्रुपद पुरते, आणि गायकाने गर्दीला पुरेल तेवढेच दिले. टीका करायची तर इथे करावी. मी ती रंगात येऊन विद्यार्थ्याला ऐकवली. तो ऐकत होता. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "माझा बाप पुरा म्हणायचा."

मी विचारले, "काय?"

"हाच अभंग. भजनी मंडळात पेटीवर असायचा ना तो, तुम्ही गावात यायच्या आधी. मग पिऊन यायला लागला म्हणून काढून टाकला. त्याच्यानंतर घरीच म्हणायचा. रात्री. किती पण प्यालेला असू द्या, तुका म्हणे पर्यंत जायचाच. मधी अडकला तर परत पहिल्यापासून. माय म्हणायची झोपा आता, तर म्हणायचा, पुरा होऊ दे, अर्धा ठेवला तर पाप लागतं." थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकात तो गातच नाही, सर. पितो, रडतो, भाषण करतो, मरतो. एवढी भाषणं त्यानं जन्मात केली नाहीत."

मग तिथेच, चौथ्या संचाचे ध्वनिक्षेपक तपासणे चालू असताना, त्याने माझ्या कादंबरीची जी चिकित्सा केली ती इतक्या वर्षांत कोणी केली नव्हती. बापाने मारले, हे खरे. घरातली भांडी विकली, हेही खरे. "ते खोटं लिहिलं असं म्हणत नाही मी. पण ते कुणीही लिहिलं असतं. तुम्ही तर रोज आमच्या घरावरून जायचे." मी काय उत्तर देणार? मी त्याच्या घरावरून जात असे, आणि रात्री ऐकू येणारे गाणे ऐकतही असे. ऐकले होते म्हणूनच त्याचे बोलणे मला इतके लागले. लिहिताना मी ते वगळले, कारण दारूड्याच्या तोंडी अभंग दिला तर वाचक गोंधळेल असे मला वाटले. पिणारा गाऊ लागला की त्याच्याविषयीचा आपला निकाल डळमळतो, आणि मला निकाल हवा होता. आडव्या बाटलीचा शेवट माझ्याजवळ आधीच तयार होता. त्याच्याकडे सरळ जाणारी वाट मी आखली आणि वाटेत येणारे सर्व झाडून टाकले. त्या मुलाने मैदानावर जे तुकोबांचे केले तेच मी एका मजुराचे केले होते. ध्रुपद तेवढे ठेवले.

भजनी मंडळाचे चुकले का, हा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही. माळकऱ्यांच्या मंडळात पिणाऱ्याने बसू नये हा नियम शहाण्या लोकांनी पुष्कळ घरांची राखरांगोळी पाहून केलेला आहे. पण तो पेटी सोडून उठला तेव्हा त्याच्या आठवड्यातली जी एक रात्र दारूशिवाय जात होती तीही गेली. हे त्याची बायको सांगते, मी नाही.

विद्यार्थ्याच्या नोकरीविषयीही मला काही नीट ठरवता येत नाही. एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, आमच्या गावांत टँकरच्या मागे घागरी घेऊन पोरे धावत होती, जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता, आणि वाळूजचे बिअरचे कारखाने चालू होते. तेव्हाच्या औरंगाबादच्या खंडपीठाने त्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला तेव्हा मी शाळेत पेढे वाटण्याच्या बेतात होतो. त्याच महिन्यात, पाणी नाही म्हणून पाळ्या कमी झाल्या आणि कंत्राटावर लागून तीन महिने झालेल्या या पोराला घरी पाठवले. त्याच्या आईने टँकरचे पाणी भरले, आणि पोराला पुन्हा कामावर कधी घेतील म्हणून फोनची वाट पाहिली. मी पेढे वाटले नाहीत.

दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. ढोल वाजवणाऱ्या मुलीचा शेवटचा तोडा अर्धाच राहिला. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी कोणाच्या अंगावर गेले नाही. एक-दोघे लिंबाच्या झाडाखाली ओकत होते आणि त्यांचे मित्र पाठीवरून हात फिरवीत होते. हजारो माणसे पिऊन शिस्तीत रांगेने बाहेर पडताना मी आयुष्यात प्रथमच पाहिली. त्यांच्याविषयी मला कादंबरी सुचणार नाही. त्यांच्या पिण्याला किंमत फक्त फळ्यावर लिहिलेली होती. ज्याच्या पिण्याची किंमत दुसरेच कोणी देते त्याच्याविषयीच मी लिहू शकेन, आणि त्या माणसाला आता मला पुन्हा लिहावे लागेल. दुसरी आवृत्ती काढण्याविषयी प्रकाशकांचे पत्र टेबलावर पडून आहे. मजकूर तसाच छापावा असे त्यांना कळवणार होतो. अजून कळवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला फाट्यावर न सोडता आधी आपल्या गावी नेले. आईने भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. पोरगा कुठे काम करतो हे तिला ठाऊक आहे. विचारले की "कंपनीत" म्हणते. बाटली आडवी झाल्यापासून दुकान गेले, पण ढाब्यावर मिळतेच, असे ती तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याविषयी बोलावे तसे बोलली. मग मला विचारले, "गाणे बरे झाले का, सर?"

मी म्हणालो, "अभंग झाला एक. पण पुरा नाही म्हणला."

"कोणता?"

मी सांगितला. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि चुलीकडे तोंड करून तो शेवटचा चरण बोलल्यासारखा म्हणून दाखवला. चाल न लावता, पण एकही अक्षर न गाळता.